न्यू ऑर्लिन्सला जाताय? मग क्रूझ बुक करायच्या आधी हे वाचा

मिसिसिपी नदी बघायची म्हणून लगेच महागडी स्टीमबोट क्रूझ बुक करू नका, कॅनाल स्ट्रीटच्या टोकाला साधी फेरीबोट मिळते, 2 डॉलरात पलीकडे अल्जिअर्स पॉइंटला सोडते आणि तिथल्या बांधावरून जॅक्सन स्क्वेअरचं चर्च, उंच बिल्डिंगा सगळं समोर दिसतं, संध्याकाळी तर विचारूच नका. परतीची शेवटची फेरी कितीला आहे ते मात्र जातानाच बघून ठेवा. बर्बन स्ट्रीटवर एक चक्कर पुरे (नुसता गोंगाट!), जॅझ ऐकायचं तर फ्रेंचमेन स्ट्रीट गाठा, तिथे बँडवाले टिपसाठी बादली फिरवतात, सुटे डॉलर खिशात असू द्या. आणि बेन्ये (तिथले तळलेले गोड पाव) खायला काळा शर्ट घालून जाऊ नका, वर पिठीसाखरेचा ढीग असतो, खाताना हसलात की संपलंच.