रविवारच्या संध्याकाळी एकटे वाटते तेव्हा स्वतःशी कसे वागावे

पुण्याच्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना रविवारची संध्याकाळ विशेष जड जाते. मेस बंद असते, रूम पार्टनर गावी गेलेला असतो, आणि मोबाइलवर इतरांची लग्ने, नोकऱ्या आणि सहली पाहता पाहता ‘मी कुणालाच नको आहे’ हा विचार मनात ठाण मांडून बसतो.

अशा वेळी प्रथम मोबाइल बाजूला ठेवून काहीतरी खाऊन घ्यावे, कारण रिकाम्या पोटी मन अधिक कठोर होते. मग जे वाटते आहे ते एका कागदावर लिहावे. ‘मला आत्ता एकटे वाटते आहे’ हे वाक्य भावना सांगते, तर ‘माझ्यावर कुणाचेच प्रेम नाही’ हे वाक्य निकाल देते. निकालाच्या वाक्यापुढे ‘असा विचार माझ्या मनात येतो आहे’ एवढे जोडावे.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हेच दुःख धाकट्या भावाने फोनवर सांगितले असते, तर आपण त्याला काय म्हणालो असतो, ते त्याच शब्दांत, आपल्या बोलीत, स्वतःला उद्देशून लिहावे. ‘जेवलास का रे? दिवसभर कुणाशी बोलला नाहीस, म्हणून जीव कासावीस झालाय’ इतके साधे लिहिले तरी पुरते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेचे जे तीन घटक मांडले, त्यांत स्वतःशी ममतेने वागणे, दुःख माणसाच्या वाट्याला येतेच हे ओळखणे आणि भावनेत वाहून न जाता तिची दखल घेणे यांचा समावेश आहे. ज्यांना लहानपणापासून बोलणीच ऐकावी लागली, त्यांना हे प्रेमळ शब्द वाचताना प्रारंभी रडू येते किंवा ते खोटे वाटतात. तसे झाल्यास स्वतःवर जबरदस्ती करू नये. लिहिणे थांबवून पावलांना लागणाऱ्या फरशीच्या गारव्याकडे थोडा वेळ लक्ष द्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. समोरच्या वाड्यातल्या उजेडाच्या खिडकीतही असाच कुणी बसलेला असू शकतो.

मन थोडे निवळल्यावर एकाच विश्वासाच्या व्यक्तीला ‘आज एकटं वाटतंय, दहा मिनिटं बोलशील का?’ असा स्पष्ट निरोप पाठवावा. उत्तर लगेच आले नाही, तर ती व्यक्ती कामात असेल इतकाच अर्थ घ्यावा आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारावे.

मात्र ही अवस्था दोन आठवडे टिकली, झोप किंवा जेवण उडाले, तर समुपदेशकाची मदत घ्यावी. जगणे नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नये. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते. तो मोबाइलमध्ये आजच जतन करून ठेवावा.