मलवाहिनीत शिरणारं जादा पाणी मोजताय? या चुका टाळा

रात्री 2 ते 4 या वेळात लोक झोपलेले असतात, तेव्हा ड्रेनेजमधून जे वाहतं ते जवळपास सगळं जमिनीतून झिरपलेलं, असं धरून चालण्याची पद्धत आहे. नळाला चोवीस तास पाणी असेल तिथे हे ठीक. आपल्या बहुतेक शहरांत पाणी पाळीने सुटतं, आणि तिथे या एका गृहीतकाने अख्खा अहवाल वाया जातो.

समजा, 4 किमी लाइनच्या शेवटच्या चेंबरमध्ये पहाटे सव्वातीनला सेकंदाला 2 लिटर प्रवाह मिळाला. नवखा माणूस लगेच 86,400 ने गुणतो. दिवसाला 1,72,800 लिटर, किलोमीटरमागे 43,200. सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या पाणी-मलनिस्सारण अभियांत्रिकी संस्थेच्या नियमावलीत झिरप्यासाठी (जमिनीतून लाइनमध्ये शिरणाऱ्या पाण्यासाठी) डिझाइनमध्ये किलोमीटरमागे दिवसाला 500 ते 5,000 लिटर धरतात. आकडा आठपटीहून जास्त निघाला, म्हणजे लाइन फुटली, आतून अस्तर करा, असा प्रस्ताव तयार होतो. त्या भागात चावीवाला पहाटे अडीचला व्हॉल्व्ह उघडतो, हे मात्र कुणी विचारलेलंच नसतं. फ्लोट नसलेल्या टाक्या आणि उघडे राहिलेले नळ ओसंडतात, ते पाणी मोरीतून थेट ड्रेनेजमध्ये येतं. अस्तरावर खर्च करूनही हा प्रवाह तेवढाच राहणार, कारण तो सांध्यांतून आलेलाच नव्हता.

म्हणून आधी चावीवाल्याला गाठा आणि पाण्याच्या वेळा लिहून घ्या. मग निदान सात दिवस दर 5 मिनिटांनी नोंद ठेवा. एक दिवसाआड पाणी असेल तर उत्तमच: पाण्याचा दिवस आणि कोरडा दिवस यांची तीच वेळ शेजारी ठेवा. जमिनीतल्या पाण्याला पाळी नसते, त्यामुळे कोरड्या दिवशी जेवढा प्रवाह उरतो त्यातच झिरपा शोधायचा. त्यातूनही रुग्णालय, हॉटेल, रात्रपाळीचा कारखाना यांचा वापर वजा करा. वरच्या बाजूला पंपिंग स्टेशन असेल तर पंप कधी चालू-बंद होतो हेही हवं, नाहीतर तुम्ही पंपाचं वेळापत्रक मोजून याल.

दुसरी चूक घाईची. छोट्या प्रवाहासाठी 90 अंशाच्या व्ही-खाचेचा पाटा, म्हणजे लाइनमध्ये आडवी लावायची, वर V आकाराची खाच असलेली फळी, हे स्वस्त आणि भरवशाचं साधन आहे; खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो, पण लोक तो बसवून पाच मिनिटांत पट्टी लावतात. 300 मिमीच्या लाइनचा उतार 250 ला 1 असेल आणि पाट्यामागे 20 सेंमी पाणी तुंबलं, तर ते मागे 50 मीटरपर्यंत भरतं. सेकंदाला अर्धा लिटर प्रवाहात एवढं भरायला अर्धा तास सहज जातो, आणि तोवर खाचेवरून येणारं पाणी खऱ्या प्रवाहापेक्षा कमीच असतं. दहा मिनिटांच्या अंतराने दोन वाचनं सारखी येईपर्यंत थांबा. ज्याला तेवढा धीर नाही त्याने खाच वापरूच नये. पाटा बसवताना खालची फट पुट्टीने बंद करा. खाचेपाशी पाणी खाली वाकतं, म्हणून उंची तिथे न घेता, तिच्या तीन-चार पट मागे घ्या. खाचेवर 10 सेंमी पाणी म्हणजे सेकंदाला सुमारे 4.4 लिटर, 11 सेंमी म्हणजे 5.5. एका सेंटीमीटरची चूक, आणि उत्तर पंचवीस टक्क्यांहून जास्त फिरतं.

आता बाकीच्या.

मे महिन्यात मोजून 'झिरपा नाही' असं लिहू नका. तेव्हा भूजल पाइपाच्या खाली असतं, उलट मैलापाणीच बाहेर झिरपत असेल. शेजारच्या विहिरीची पातळी प्रत्येक नोंदीसोबत लिहा, आणि पाऊस ओसरल्यावर, विहिरी भरलेल्या असताना पुन्हा मोजा.

वरच्या मीटरचा आकडा खालच्यातून वजा करून मधली गळती काढू नका. खाली 100, वर 90, आणि दोन्ही मीटरांची चूक 10 टक्के, तर उरलेल्या 10 लिटरला काही अर्थ राहत नाही. एकाच रात्री मुख्य लाइनला मिळणारी एकेक फांदी खाचेने मोजत जाणं जास्त खात्रीचं.

वेग-क्षेत्रफळाचा मीटर पाण्याचा वेग आणि खोली मोजतो, खोलीवरून क्षेत्रफळ काढतो आणि दोन्हींच्या गुणाकाराने प्रवाह देतो; तळाशी 5 सेंमी गाळ असेल तर त्याचं क्षेत्रफळच चुकतं. सेन्सरला चिंधी अडकली की खोली वाढलेली दिसते. आधी जेटिंग (जोराच्या पाण्याने लाइन धुणं), मग मीटर, आणि आठवड्यातून एकदा हाताने तपासणी.

पाऊस सुरू होताच प्रवाह उसळला आणि थांबल्यावर लगेच बसला, तर पाणी वरून शिरतंय: गच्चीची पन्हळ ड्रेनेजला जोडलेली, चेंबरचं झाकण पाण्याखाली, किंवा पावसाळ्यात तुंबलेलं पाणी जावं म्हणून कुणी झाकणच उघडलेलं. दिवसेंदिवस हळूहळू उतरला तर तो जमिनीतून येतोय. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून आकडेही वेगळे लिहा. पर्जन्यमापक त्याच भागात बसवा आणि त्याचं घड्याळ मीटरशी जुळवा.

मीटर बसवायला माणसाला चेंबरमध्ये उतरवू नका. वायू जास्त झाला की हायड्रोजन सल्फाइडचा वासही येईनासा होतो, म्हणून नाकावर विसंबू नका. दांड्यावर चढवून वरूनच बसवता येणारी साधनं निवडा.

किनाऱ्यालगतच्या शहरात भरतीचं वेळापत्रक सोबत ठेवा. माणसांची सकाळची गर्दी रोज त्याच वेळी येते, भरती मात्र रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. प्रवाहाचा एखादा उंचवटा तसा सरकत असेल तर त्या वेळी विद्युत वाहकता मोजा. ती मैलापाण्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा कितीतरी वर गेली, तर समुद्राचं खारं पाणी आत येतंय; सांधे शोधत बसण्याआधी पातमुखाची, म्हणजे लाइन जिथे समुद्रात किंवा खाडीत उघडते त्या तोंडाची, झडप तपासा.