जुन्या फोटोतली टोपी ओळखताना या चुका टाळा

पणजोबांच्या फोटोमागे 'काळी टोपी' असं लिहून मोकळं होऊ नका. सर्वात जास्त फसगत रंगातच होते. साधारण 1930 च्या दशकापर्यंत सर्रास चालणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आणि फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल फेटा किंवा लाल रुमी टोपी (गोंडा असलेली तुर्की टोपी) काळीकुट्ट उतरते, फिका निळा पटका पांढराफटक. शेजारी बसलेल्या बाईचं कुंकू बघा. ते शाईच्या ठिपक्यासारखं काळं असेल, तर टोपीच्या काळेपणावरही विसंबू नका.

दुसरी चूक घाईने अर्थ लावण्याची. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. गोंड्याची रुमी टोपी म्हणजे मुसलमानच, असं नाही. संस्थानच्या नोकरीतले हिंदूही ती घालत. गांधी टोपी 1920-21 च्या असहकार चळवळीपासून पसरली आणि पुढे शेतकऱ्याच्या डोक्यावर रोजची झाली. तेव्हा नुसत्या पांढऱ्या टोपीवरून कुणाला स्वातंत्र्यसैनिक ठरवू नका, त्यासाठी कागद लागतो.

पगडी आणि फेटा यांची गल्लत तर नेहमीचीच. पगडी तयार बांधलेली, टोपीसारखी चढवायची. तिच्या घड्या एकसारख्या आणि कडक. फेटा दरवेळी नव्याने बांधतात, कापड आठ-नऊ मीटर, म्हणून पेच थोडे वरखाली आणि शेमला, म्हणजे कापडाचं सोडलेलं टोक, सुटा. शेमला भलत्याच बाजूला वाटला तर कोट तपासा: पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. उलट दिसली, तर निगेटिव्ह उलटी छापली असण्याची शक्यता मोठी.

रेल्वे किंवा सर्व्हेच्या फोटोतली रुंद काठाची खाकी टोपी लोखंडी समजू नका. ती सोला हॅट: आत बाशिंगाला लागतं तेच हलकं भेंड, वर कापड.

टोपी मुळात त्या माणसाची होती का, हेही बघा. स्टुडिओत कोट-टोपी ठेवलेली असे. दोन वेगळ्या फोटोंत तोच डाग, तीच घडी दिसली तर समजून जा. एन्लार्जमेंट करताना ब्रशने टोपी रंगवण्याचीही पद्धत होती. अशा टोपीची कड सुरीने कापल्यासारखी येते आणि कपाळावर तिची सावली पडत नाही.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, ओला फडका तर अजिबात नको. उजेड बाजूने घेऊन काचेवरूनच फोटो काढा. सुटा असेल तर 600 डीपीआयवर स्कॅन करा, टोपीपुरता भाग 1200 वर. मागे बॉलपेनने लिहू नका. मऊ पेन्सिलने कडेला लिहा: 'टोपी गडद, रंग अनिश्चित'.