आई-बाबा न्यूयॉर्कला निघताना

आधी तिकिटावरची तारीख नीट वाचा. अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. 12 तारखेचं रात्री 1.40 चं विमान म्हणजे घर सोडायचं ते 11 तारखेला. टर्मिनल 2 वर तीन तास आधी पोचायचं, द्रुतगती मार्गाला चार तास धरायचे, शुक्रवार असेल तर खंडाळ्याच्या घाटापायी आणखी एक. म्हणजे पुणेकरांची गाडी संध्याकाळी साडेपाचलाच निघायला हवी.

मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) हे अंतर सरळ मोजलं तर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. पण विमान त्याच रेषेवरून जाईल असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांचे मार्ग लांबले, दिल्लीचे सर्वात जास्त. त्यात जाताना वारा तोंडावर. थेट विमानालाही सोळा तास धरून चला. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ थोडा कमी लागतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. रात्री 1.40 ला निघून सोळा तासांनी उतरलात, तर मुंबईत संध्याकाळचे 5.40 आणि न्यूयॉर्कला उन्हाळ्यात त्याच दिवशीचे सकाळचे 8.10. फरक साडेनऊ तासांचा, थंडीत साडेदहा. इथेच बीपीच्या गोळीचा घोळ होतो: सकाळची घेतलेली असते, खिडकीबाहेर पुन्हा सकाळ दिसते आणि बाबा दुसरी घेतात. एका घड्याळावर भारताची वेळ राहू द्या आणि ‘रात्री 9, पांढरी गोळी’ असं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पासपोर्टसोबत ठेवा. इन्सुलिन असेल तर डॉक्टरांशी आठवडाभर आधीच बोला. औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत.

मधे थांबा घेणार असाल तर अबू धाबीचा विचार जरूर करा. तिथून अंतर जेमतेम पाचशे किलोमीटरने वाढतं, पण अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. एरवी पुढे देशांतर्गत विमान असेल, तर पहिल्या अमेरिकन विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. त्यासाठी दोन विमानांत तीन तास तरी हवेत. व्हीलचेअर 48 तास आधी सांगून ठेवा. चालता येतं म्हणून नको म्हणणारे काका रांगेत तासभर उभे राहिले की मत बदलतात.

गोडा मसाला, मेतकूट, चकल्या खुशाल न्या, मात्र कस्टम्सला खाण्याचं सामान आहे हे सांगा. ताजे आंबे आणि मांस नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही घरीच ठेवा. तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात, म्हणून मुंबईतच तपासणीत काढून घेतात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत नाही, जवळच्या पिशवीत.

मुलाचा पत्ता आणि फोन कागदावर हवाच. उतरल्यावर मोबाईल चालेलच असं नाही. अधिकारी विचारतात, किती दिवस राहणार? परतीच्या तिकिटावर जे आहे तेच सांगायचं. ‘बघू, नातवाचा वाढदिवस झाला की’ असलं उत्तर नको.