सुकलेलं काजूचं झाड पावसाआधी बागेबाहेर काढा

काजूची बी विकून झाली की बागेकडे कुणी फिरकत नाही. नेमका याच दिवसांत रोठा, म्हणजे खोड आणि मुळं पोखरणारी अळी, खोडात असतो. पाऊस धरायच्या आत प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी वाका. जमिनीपासून तीन फुटांपर्यंतची साल आणि उघडी पडलेली मुळं बघा. बारीक भोकातून भुसा आणि डिंक येत असेल तर अळी आत आहे. पानं पिवळी पडेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

पटाशीने पोखरलेली साल तासत अळीपर्यंत जा, ती मारा. मग क्लोरपायरीफॉस 20 टक्के प्रवाही, लिटरभर पाण्याला 10 मिली, त्या जागी आणि बुंध्याला चोपडा. आधी लेबल वाचा, हातमोजे घाला. निम्म्याहून जास्त घेराची साल गेली असेल तर औषधावर पैसा घालू नका, ते झाड वाचत नाही. पिवळं पान दाखवलं की दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो. टॉनिक पानावर, अळी सालीखाली!

आणि मेलेलं झाड? 'असू दे, पावसाळ्यात सरपण होईल.' बागा जातात त्या इथे. त्याच खोडामुळांत अळीचा कोष होतो, भुंगेरा बाहेर पडून शेजारच्या झाडाच्या सालीत अंडी घालतो. झाड मुळासकट खणून काढा, फोडून जाळा. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, रचून ठेवलेला ओंडकाही तितकाच घातक.

मिश्र बागेत अननस किंवा पालापाचोळा थेट बुंध्याला भिडवू नका, दोन फूट मोकळे ठेवा. बुंधा झाकलेला असतो तिथेच मला रोठा जास्त सापडतो. हा माझा नजरेचा अंदाज, पण धरून चाला.

बाकी कामं:
- नवीन काजू कलमांना 7 बाय 7 मीटरवर, 60 सेंमीचे खड्डे
- कलमाचा जोड मातीच्या वर
- कोकमाची कलमंच लावा, रोपांत निम्मी नर निघतात
- फणस बांधाला
- पहिली काही वर्षं मधल्या पट्ट्यात नाचणी, वरी, सुरण

शेजारच्या पडीक बागेतलं सुकलेलं झाडही मोजा, भुंगेऱ्याला गडगा आडवा येत नाही. मालक मुंबईला असेल तर फोन करा. जमीन सामाईक असेल तर सगळ्या भावांना विचारा, नाहीतर सरपणावरून भांडण तुमच्याच गळ्यात.