फळांच्या साली कुंडीत घालण्यापूर्वी

केळ्याच्या सालीत पोटॅशियम भरपूर असते. मात्र पुदिना, तुळस, कोथिंबीर यांसारख्या पानांसाठी लावलेल्या रोपांना नायट्रोजनही तितकाच लागतो, म्हणून केवळ सालींवर विसंबून राहू नये. ओल्या साली कुंडीत तशाच पुरल्यास चिलटे होतात आणि त्या कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतला नायट्रोजन काही काळ स्वतःच वापरून टाकतात, त्यामुळे कोवळी रोपे पिवळी पडू शकतात. त्यापेक्षा साली बारीक चिरून भाजीच्या हिरव्या देठांसोबत व वाळलेल्या पानांसोबत डब्यात कुजवाव्यात, अधूनमधून खालीवर कराव्यात आणि सालीचा तुकडा ओळखू येईनासा होऊन ओल्या मातीसारखा वास येऊ लागला, की मगच मूठभर खत खोडापासून थोडे दूर, वरच्या मातीत मिसळावे. संत्र्याची साल सावकाश कुजते. ती अधिकच बारीक चिरावी.