जुनी चार सिलिंडर गाडी थरथरते? फाउंडेशन रबर बदलायच्या आधी हे करून बघा

जुन्या गाडीचं इंजिन थरथरलं की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, फाउंडेशन रबर (इंजिन चासीवर ज्या रबरावर बसतं ते) गेलंय, नवं टाका. मीपण तेच केलेलं, मिळेल तितकं मऊ रबर टाकलं, आयडलिंगला गाडी एकदम झकास आणि क्लच सोडला की इंजिन एका अंगावर झुकून सायलेन्सर पाईप चासीवर खणकन आपटायचा. तेव्हा डोक्यात शिरलं की रबर किती मऊ यापेक्षा ते कुठे लावलंय हे जास्त महत्त्वाचं.

हे कोडं 1931 मध्ये अमेरिकेतल्या क्रायसलर कंपनीच्या लोकांनी प्लिमथ पीए गाडीत सोडवलं, नाव दिलं फ्लोटिंग पॉवर. त्याआधी बऱ्याच गाड्यांत इंजिन सरळ चासीलाच आवळलेलं असायचं. यांनी फक्त दोन मुख्य आधार ठेवले, एक पुढे बराच वर, वॉटर पंपाच्या खाली, आणि दुसरा मागे गियरबॉक्सच्या खाली. या दोघांना जोडणारी तिरकी रेघ इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाते, त्यामुळे प्रत्येक स्फोटाला इंजिन त्या रेघेभोवती पाळण्यासारखं हलतं आणि धक्का चासीत फारसा उतरत नाही. पुढच्याच वर्षी सित्रोएनने हे तंत्र फ्रान्समध्ये नेलं आणि जाहिरातीला पोहणारा हंस लावला.

आता आपलं काम. आधी गाडी मिस मारत नाही ना बघा, प्लग, पॉइंट, कॉम्प्रेशन. एक सिलिंडर झोपलेला असेल तर कुठलंही रबर तुम्हाला वाचवणार नाही.

मग गुरुत्वमध्य शोधा, हे वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. इंजिन गियरबॉक्ससकट चेनकुप्पीला (वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीला) एका हुकवर टांगा, शांत होऊ द्या, हुकातून ओळंबा सोडा आणि ब्लॉकच्या बाजूवर खडूने रेघ मारा. मग हुक दुसरीकडे अडकवून परत तेच, रेघा छेदतात तिथे बाजूने बघता गुरुत्वमध्य. टांगलेल्या इंजिनाखाली हात किंवा पाय घालायचा नाही, घाई असली तरी नाही. पुढचा आधार वर आणि मागचा खाली असा धरा की त्यांच्यामधली दोरी या खुणेवरून जाईल, दोरी ताणून बघाच, अंदाजाने करू नका.

रबर किती मऊ घ्यायचं त्याला थोडं गणित लागतं. चार सिलिंडरमध्ये दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे 600 आरपीएमला सेकंदाला 20 धक्के. इंजिन हाताने हलवून सोडलं तर ते स्वतःच्या लयीत डोलतं, ती लय सेकंदाला 14 झोक्यांच्या खाली असेल तरच रबर थरथर अडवायला लागतं, नाहीतर उलट वाढवतं, 10 च्या आत आली तर उत्तम. आणि रबर चारी बाजूंनी वाटीत कोंबू नका, त्याला फुगायला जागा नसेल तर ते दगडासारखंच वागतं. बोल्ट आवळून आवळून रबर चपटं करणारे मिस्त्री मी खूप पाहिलेत.

इतकं मोकळं सोडलेलं इंजिन कुठेतरी धरायला तर हवंच. प्लिमथमध्ये त्यासाठी बाजूला एक स्प्रिंगचा पाटा होता, त्याचं टोक चासीवर रबरात बसवलेलं. छोटे धक्के तो झेलतो, मोठा झोका आवरतो. माझ्या गाडीत नेमकं हेच नव्हतं!

आता सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम, इंजिनाला जोडलेली प्रत्येक गोष्ट मोकळी करा. पेट्रोलची नळी शेवटी लवचिक हवी, सायलेन्सरचा पहिला क्लॅम्प सैल लटकता हवा, अर्थची पट्टी वेणीची हवी, आणि ॲक्सिलरेटरचा दांडा ताठ असेल तर इंजिन डोललं की तेच थ्रॉटल ओढतं आणि गाडी हिसके मारते.

शेवटी चाचणी, चाकांना ओंडके लावा, हँडब्रेक ओढा, एकाने फर्स्टमध्ये क्लच अगदी थोडा सोडायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून (समोर नाही!) बघायचं इंजिन किती झुकतं, काही घासतंय का. रिव्हर्समध्येपण करा, तेव्हा झोका उलट बाजूला जातो आणि त्या बाजूची नळी हमखास कुणी बघितलेली नसते.